घरचा बेदाणा, घरचा केक

द्राक्षबागाईत वर्षभर छाटणीची, औषधाची व पाण्याची काळजी वाहतो. परंतु आपल्या मालाचा शेवट कोठे व कसा होतो, हे पाहण्याचा प्रसंग त्यास क्वचितच येतो. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ व जत या तालुक्यांत फाल्गुन-चैत्रात शेडवर वाळलेला बेदाणा निवडून पेटीत भरला जातो, पेटी शीतगृहात जाते, व तेथून तासगावच्या किंवा सांगलीच्या सौद्यात उभी राहते. घरी उरतो तो मूठ-दोन मुठी, शिऱ्यात, खिरीत व सत्यनारायणाच्या प्रसादात पडतो. ज्या पदार्थासाठी जगभर बेदाणा मोठ्या प्रमाणावर विकत घेतला जातो, तो पदार्थ मात्र बेदाणा पिकविणाऱ्याच्या घरी सहसा होत नाही.

हा पदार्थ म्हणजे फळे घातलेला केक. त्यापैकी घरी करण्यास सर्वांत सोपा व प्रमाणास सर्वांत सरळ असा जो 'पाउंड केक', त्याची माहिती या लेखात देण्याचे आम्ही योजिले आहे. नुसती पाककृती सांगणे हा आमचा हेतू नाही. सौद्यात बेदाण्याचा रंग प्रथम पाहिला जातो व त्यावर भाव ठरतो. भट्टीत रंगाची मातबरी नाही; तेथे गोडी, आंबटपणा, ओलावा, काडी, कचरा व गंधकाचा वास हेच उघडे पडतात. यास्तव आपल्या मालाची खरी परीक्षा ज्यास घरबसल्या करावयाची असेल, त्याने वर्षातून एकदा तरी तो भट्टीत घालून पाहावा, असे आमचे मत आहे.

नाव व प्रमाण

पाउंड केक हे नाव त्याच्या प्रमाणावरून पडले. एक पाउंड पीठ, एक पाउंड लोणी, एक पाउंड साखर व एक पाउंड अंडी, असे चार जिन्नस समभाग घेऊन तो करीत. पाउंड म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम. आपल्या जुन्या मापाने सुमारे ३९ तोळे, म्हणजे अर्ध्या पक्क्या शेरास किंचित कमी. १७४७ साली इंग्लंडात हॅना ग्लास या बाईंनी छापलेल्या पाकशास्त्राच्या पुस्तकात ही कृती आढळते. फ्रान्सात याच जातीच्या केकास 'चार चतुर्थांश' अशा अर्थाचे नाव आहे. लिहिता-वाचता न येणाऱ्या स्वयंपाकिणीसही हे प्रमाण तोंडपाठ राहत असे, हे त्याच्या दीर्घायुष्याचे कारण होय.

त्या काळी बेकिंग पावडर नव्हती. ती इंग्लंडात आल्फ्रेड बर्ड याने १८४३ साली प्रथम तयार केली. त्यापूर्वी केक फुगत असे तो केवळ हवेने. लोणी व साखर एकत्र फेसली असता साखरेच्या कणांमुळे लोण्यात हवेचे असंख्य सूक्ष्म बुडबुडे शिरतात. अंडी फेसून घातल्याने त्यांत भर पडते. भट्टीत ही हवा तापून प्रसरण पावते, ओलाव्याची वाफ तीत मिसळते, व पीठ आणि अंड्यांतील पौष्टिक द्रव्य उष्णतेने घट्ट होऊन तो फुगारा जागच्या जागी धरून ठेवते. आपल्या घरांतून नानकटाईसाठी परातीत तळहाताने तूप व साखर पांढरी होईपर्यंत फेसतात, ती क्रिया हीच. तेव्हा केकमधील सर्वांत कष्टाचे व महत्त्वाचे काम आमच्या भगिनींस आधीच अवगत आहे.

हा पदार्थ परका कितपत?

केक विलायती खरा; परंतु सातारा-सांगलीकडे त्याचे येणे आजचे नव्हे. सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना, १८२७ ते १८३० या काळात, महाबळेश्वर येथे इंग्रजांची वस्ती झाली. पुढे पाचगणीस त्यांच्या मुलांच्या शाळा निघाल्या. मिरजेस डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिशनचे रुग्णालय सुरू केले. नाताळात केक करण्याची चाल ख्रिस्ती कुटुंबांतून अशा ठिकाणांवरून आसपास पसरली. केरळात तलशेरी येथे मांबळ्ळी बापू या भट्टीवाल्याने १८८३ साली ब्राउन नावाच्या मळेवाल्याच्या सांगण्यावरून नाताळचा केक केला, ही कथा तिकडे आवडीने सांगतात. ब्राउनने विलायतेहून आणलेला नमुना दाखविला व फ्रेंच ब्रँडी घालण्यास सांगितले. बापूने ब्रँडीऐवजी गावचीच काजूच्या बोंडांची व केळ्यांची दारू वापरली, असे त्या कथेत येते. विलायती पदार्थ देशी झाला तो गावच्या मालामुळे.

आमच्या बाबतीत तर एक पाऊल पुढेच आहे. इंग्रजी केकमध्ये जो 'सुलताना' नावाचा बिनबियांचा बेदाणा घालतात, तो तुर्कस्तानात होणाऱ्या सुलतानी द्राक्षाचा. हेच द्राक्ष १८७० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियात विल्यम थॉम्सन याने प्रसारात आणले, म्हणून तेथे त्यास थॉम्सन सीडलेस हे नाव पडले. आमच्या बागांतील थॉम्सन तेच, व तासगाव भागात त्यातूनच निवडलेली तास-ए-गणेश ही जात त्याचीच लेक. तेव्हा केकमधील बेदाणा व शेडवरील बेदाणा हे एकाच वंशाचे होत. 'बेदाणा' या शब्दाचा मूळ फारशी अर्थही 'बिनबियांचा' असाच आहे. सांगलीच्या बेदाण्यास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचा मान आपल्या स्वयंपाकघरातही राहावा, ही अपेक्षा वावगी नव्हे.

रंग व गुण

द्राक्षाच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो. त्यामुळे आतील पाणी लवकर बाहेर पडत नाही. भूमध्य समुद्राच्या काठचे शेतकरी पूर्वीपासून राखेचे क्षारपाणी व जैतुनाचे तेल यांच्या मिश्रणात घड बुडवीत. आमच्याकडे दर लिटर पाण्यास सुमारे २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट व १५ मिलिलिटर डिपिंग ऑइल, म्हणजे इथाइल ओलिएट, घेऊन त्यात घड काही मिनिटे बुडवितात, ती त्याच रीतीची सुधारलेली आवृत्ती होय. मेणाच्या थरातून वाट मिळाल्यामुळे शेडवर सावलीत सुमारे पंधरा दिवसांत माल वाळतो, व लवकर वाळल्यामुळे हिरवट-पिवळा राहतो. सुमारे चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा उतरतो. वाळणे लांबले किंवा ऊन लागले, की सालीतील द्रव्यांचा हवेशी संयोग होऊन रंग तपकिरी व काळसर होतो. पिवळेपणा टिकविण्यासाठी काही ठिकाणी गंधकाची धुरी देतात.

आता कॅलिफोर्नियाकडे पाहावे. तेथे बहुतेक बेदाणा न बुडविता जमिनीवर कागदावर पसरून उन्हात वाळवितात. तो गर्द तपकिरी होतो, व तोच तेथील मुख्य माल म्हणून केकमध्ये व पावात जातो. जात तीच, फरक केवळ वाळविण्याच्या रीतीचा. आमच्या सौद्यात अशाच रंगाच्या मालास कमी भाव मिळतो. हिरवा, लांब, एकसारखा दाणा ताटात शोभतो, त्यास जास्त भाव मिळावा यात गैर काही नाही. परंतु पिठात मिसळून तासभर भाजलेल्या दाण्याचा रंग कोणास ओळखता येणार? उलट, तपकिरी दाण्यास काकवीसारखी जी खमंग चव असते, ती केकमध्ये अधिक खुलते. तेव्हा उत्तम माल विकावा व रंग उतरलेला पण निरोगी माल घरच्या भट्टीसाठी राखावा, हा व्यवहार शेतकऱ्यास परवडणारा आहे.

येथे एक इशारा देणे आम्ही आवश्यक समजतो. रंग उतरलेला माल निराळा व नासलेला माल निराळा. वाळत असता अवकाळी पाऊस लागून जो बेदाणा आंबला, ज्यास कुबट वास येतो, किंवा ज्यावर बुरशी दिसते, तो घरात वापरू नये व विकूही नये. काही बुरशींचे विष भाजण्याने नाहीसे होत नाही. तसेच गंधकाची धुरी दिलेला माल दम्याच्या रोग्यास बाधण्याचा संभव असतो. त्यास तो देऊ नये.

इतर फळे

केकमध्ये ओले फळ घालणे जोखमीचे असते. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी कितीही गोड असली, तरी तिच्यात सुमारे नव्वद टक्के पाणी; ती पिठात पाणी सोडते व भोवतालचा भाग कच्चा राहतो. ती घालावयाची तर वाळवून घालावी, किंवा केक तयार झाल्यावर मुरांबा म्हणून सोबत घ्यावी. साताऱ्याकडील आले मात्र या कामी फार उपयोगी. कोवळे आले सोलून, बारीक तुकडे करून, पाण्यात मऊ शिजवून साखरेच्या पाकात मुरविले व वाळविले, की बेदाण्याच्या गोडीस छान तिखट जोड मिळते. बाजारात जी रंगीबेरंगी टुटी-फ्रुटी मिळते, ती बहुधा कच्च्या पपईच्या तुकड्यांची असते. परसात पपई असल्यास तीही याच रीतीने घरी करता येते.

साहित्य

सपीठ किंवा मैदा २५० ग्रॅम, ताजे लोणी २५० ग्रॅम, बारीक दाण्याची साखर २५० ग्रॅम, कवच काढून अंडी २५० ग्रॅम, बेदाणा १५० ग्रॅम, पाकवलेले आले ५० ग्रॅम, संत्र्याचा रस चार मोठे चमचे, जायफळ किंवा वेलदोडा चवीपुरता, चिमूटभर मीठ.

अंडी मोजून न घेता वजन करून घ्यावीत. बाजारी अंडे कवच काढल्यावर सुमारे ५० ग्रॅम भरते, म्हणून अशी पाच पुरतात. गावरान कोंबडीचे अंडे लहान, ती सहा-सात लागतात. घरचे लोणी गार पाण्याने तीन-चार वेळा धुऊन ताकाचा अंश काढून टाकावा व दाबून पाणी निथळू द्यावे. मगच वजन करावे. तूप वापरू नये, कारण लोण्याइतकी हवा ते सहसा धरीत नाही. खपली गव्हाचे पीठ वापरावयाचे तर ते वस्त्रगाळ करावे. खपलीतील चिकट द्रव्य दुबळे असल्यामुळे केक चिवट होत नाही, मात्र थोडा कमी फुगतो. अशा वेळी अर्धा लहान चमचा बेकिंग पावडर पिठात मिसळावी. साखरेऐवजी गूळ घातल्यास केक ओलसर, गडद व जड होतो. प्रथम साखरेवर हात बसवावा व मग गुळाचा प्रयोग करावा.

कृती

आदल्या रात्री बेदाणा ताटात पसरून एकेक काडी निवडावी, कोमट पाण्याने दोनदा धुवावा, व संत्र्याच्या रसात भिजत घालावा. सकाळी तो निथळून कापडावर कोरडा करावा. न भिजविलेला दाणा भट्टीत पिठातील ओलावा शोषून घेतो व केक कोरडा पडतो. फार ओला राहिल्यास तळाशी चिखल होतो.

लोणी बोटाने सहज दबेल इतके मऊ, पण न वितळलेले असावे. सांगलीकडे उन्हाळ्यात हे साधणे कठीण. मार्गशीर्ष-पौषातील सकाळ या कामास उत्तम. परातीत लोणी व साखर घेऊन तळहाताने वीस-पंचवीस मिनिटे फेसावे. मिश्रण पांढरे व हलके झाले, की एकेक अंडे फेटून थोडथोडे घालावे व दरवेळी एकजीव करावे. अंडी थंडगार असल्यास किंवा घाईने घातल्यास मिश्रण फाटते. तसे झाल्यास चमचाभर पीठ घालून सावरावे. त्यानंतर पीठ, मीठ व जायफळ चाळून तीन भागांत घालावे व हलक्या हाताने खालून वर असे मिसळावे. येथे जोर केल्यास पिठातील चिकट द्रव्य ताठ होऊन केक चिवट होतो व कोंडलेली हवाही जाते.

बेदाणा व आले यांस मोजलेल्या पिठातीलच चमचाभर पीठ चोळून शेवटी घालावे. फळ तळाशी बसण्याचे मुख्य कारण पातळ मिश्रण व ओले फळ हे होय. पाउंड केकचे मिश्रण घट्ट असल्यामुळे कोरडे केलेले फळ त्यात तरून राहते. आठ इंच रुंद व तीन इंच उंच डब्यास लोणी लावून, तळाशी व कडेस कागद घालून, दोन-तृतीयांश भरेल इतके मिश्रण ओतावे.

विजेचा ओव्हन असल्यास १६० अंश सेल्सिअसवर सव्वा तास भाजावे. नसल्यास जाड बुडाच्या पातेल्यात दोन बोटे स्वच्छ वाळू किंवा जाडे मीठ पसरून, त्यावर अडणी ठेवून, झाकून पंधरा मिनिटे तापवावे. मग डबा आत ठेवून मंद आचेवर दीड तासपर्यंत भाजावे. चूल असल्यास झाकणावर थोडे निखारे ठेवावेत. कोकणात काकडीचे धोंडस याच वर-खाली आचेने भाजतात. पहिला पाऊण तास झाकण उघडू नये. गार हवा लागून मधला भाग बसतो. मध्यभागी खुपसलेली काडी कोरडी निघाली म्हणजे केक झाला. ज्यांच्या गावी पाव-बिस्किटांची भट्टी आहे, त्यांनी नानकटाईप्रमाणे भरलेला डबा तेथे नेऊन भाजून घेतल्यासही चालेल. केक डब्यात पाव तास निववून बाहेर काढावा, व दुसऱ्या दिवशी कापावा. रात्रभरात फळांचा ओलावा सर्वत्र मुरतो. थंडीत घट्ट झाकणाच्या डब्यात तो आठवडाभर चांगला राहतो.

अंडी न खाणाऱ्या घरी दही व सोडा घालून फळांचा केक करतात. तो रुचकर असतो, पण त्याची बांधणी निराळी. समभागाचा हिशेब त्यास लागू पडत नाही.

परीक्षा कशी करावी

आता मूळ मुद्द्याकडे वळू. वरील मिश्रणाचे दोन सारखे भाग करावेत, व फळांचेही दोन भाग करून एकात सौद्यास पाठविण्याचा उत्तम रंगाचा बेदाणा व दुसऱ्यात रंग उतरलेला निरोगी बेदाणा घालावा. दोन लहान डब्यांत एकाच वेळी भाजून, कोणता कोणता हे न सांगता घरच्या मंडळींस खावयास द्यावे. या प्रयोगात ज्या गोष्टी कळतात त्या सौद्यात कळत नाहीत. दातांखाली काडी आली, तर निवडणीत कसूर झाली. कचकच लागली, तर शेडखाली धूळ उडत होती व जाळी लावणे जरूर होते. गरम केकमधून उग्र वास आला, तर गंधकाची धुरी प्रमाणाबाहेर गेली. दाणा भिजवूनही चामड्यासारखा राहिला, तर माल फाजील वाळला. पेटीतच गोळा झाला होता, तर ओलावा अधिक राहिला होता. गोडी कमी व आंबट अधिक लागली, तर पुरेशी साखर भरण्यापूर्वीच घड उतरविले.

या दोषांची कारणे सर्व शेतकऱ्यास ठाऊक असतात. ठाऊक नसते ते एवढेच, की खाणाऱ्याच्या तोंडात त्यांचे काय होते. पावभट्टीचा व बिस्किटांचा मोठा गिऱ्हाईक नेमकी हीच परीक्षा करून पुढच्या वर्षीचा माल ठरवितो. त्याच्या आधी ती परीक्षा आपण केलेली बरी.

केवळ घरोघरी केक केल्याने बेदाण्याचा भाव चढेल, असे आम्ही म्हणत नाही. एका केकमध्ये १५० ग्रॅम बेदाणा, म्हणजे अवघी ६०० ग्रॅम द्राक्षे लागतात. शीतगृहातील साठा त्याने हलणार नाही. परंतु बचत गटाच्या चार भगिनींनी डिसेंबरात मिळून केक केले, तर ज्या मालास सौद्यात हलका भाव येतो, तोच पीठ, लोणी, अंडी व मजुरी यांसह निराळ्या किमतीने विकला जातो, व त्या किमतीचा मोठा वाटा घरातच राहतो. विक्री करावयाची असल्यास २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यान्वये नोंदणी करून घ्यावी, डब्यावर अंडी व गंधकयुक्त बेदाणा यांचा स्पष्ट उल्लेख करावा, व प्रथम दहा-वीस ओळखीच्या घरांपुरताच माल करावा. उधारीवर मोठी मागणी घेण्याची घाई करू नये.

ज्याने गहू पेरला, जनावर राखले, ऊस लावला व द्राक्षे वाळविली, त्याच्या घरी या केकचे बहुतेक सर्व साहित्य हाताशी असते. उणीव असते ती एका सकाळच्या सवडीची. येत्या पौषात ती काढावी. आणि दोन्ही डब्यांपैकी कोणता आधी संपला, ते पुढील हंगामात शेडवर माल चढविताना ध्यानात ठेवावे.